सहज टिपलेले की बेतलेले? रस्त्यावरील छायाचित्राच्या विश्वासार्हतेचा प्रश्न

नोएडा : मार्च २०२४ मधील होळीच्या दिवसांत धावत्या स्कूटरवर एकमेकींना रंग लावणाऱ्या दोन तरुणींची चित्रफीत समाजमाध्यमांवर पसरली आणि दिल्लीच्या सीमेला लागून असलेले हे शहर काही दिवस देशभर चर्चेत राहिले. नोएडा वाहतूक पोलिसांनी प्रथम ३३ हजार रुपयांचा दंड आकारला. पुढे स्कूटर चालवणाऱ्या तरुणासह तिघांना अटकही झाली. त्याच सुमारास याच तरुणींची दिल्ली मेट्रोच्या डब्यातील आणखी एक चित्रफीत गाजत होती. तिच्याविषयी मेट्रो प्रशासनाने दिलेली पहिली प्रतिक्रिया मात्र विसरता येण्यासारखी नाही. या चित्रफितीची सत्यता प्रथमदर्शनी संशयास्पद वाटते, तिच्यासाठी डीपफेक तंत्राचा वापर झाला असण्याची शक्यता आहे, असे प्रशासनाने म्हटले होते.

प्रत्यक्षात डबा खरा होता, प्रवासी खरे होते आणि रंगही खरा होता. बेतलेला होता तो केवळ प्रसंग. प्रशासनाला शंका आली ती नेमकी खऱ्या भागाविषयी. हा तपशील वरवर विनोदी वाटतो. परंतु रस्त्यावर टिपलेल्या दृश्यावरचा आपला विश्वास किती डळमळीत झाला आहे, हे त्यातून लख्ख दिसते. घडवून आणलेली दृश्ये ‘सहज टिपलेली’ म्हणून इतक्या मोठ्या संख्येने समोर येत असतील, तर उद्या खरोखर सहज टिपलेल्या दृश्यावर विश्वास कोण ठेवणार? बेतलेल्या छायाचित्राला रस्त्यावरील छायाचित्रणात स्थान द्यावे की नाही, हा आजवर हौशी मंडळींच्या चर्चेचा विषय होता. आता तो वृत्तकक्षाच्या, पोलीस ठाण्याच्या आणि सामान्य वाचकाच्याही दारात येऊन उभा राहिला आहे.

प्रथम एक गल्लत दूर करणे आवश्यक आहे. पूर्वनियोजित घटना आणि बेतलेले छायाचित्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २८ ऑगस्ट २०२२ रोजी दुपारी अडीच वाजता नोएडाच्या सेक्टर ९३-ए मधील जुळे मनोरे स्फोटकांनी जमीनदोस्त करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार झालेल्या या कारवाईचे स्थळ आणि वेळ छायाचित्रकारांना आधीच ठाऊक होती. आसपासच्या गच्च्यांवर कॅमेरे लागलेले होते. अवघ्या काही सेकंदांत मनोरे कोसळले आणि धुळीचा प्रचंड लोट उसळला. ही छायाचित्रे बेतलेली होती, असे कोणी म्हणाले नाही व म्हणणारही नाही, कारण मनोरे कॅमेऱ्यासाठी पाडलेले नव्हते. कॅमेरा नसता तरी ते पडलेच असते. साधी कसोटी लावायची तर हीच लावावी : कॅमेरा तेथे नसता तर हे घडले असते काय?

ही कसोटी बहुतेक वेळा पुरते, सर्वच वेळा नाही. याच शहरातील मार्च २०२२ मधील एक प्रसंग अनेक वाचकांना आठवत असेल. मध्यरात्रीच्या सुमारास पाठीवर पिशवी घेऊन धावणारा १९ वर्षांचा तरुण चित्रपट दिग्दर्शक विनोद कापरी यांना मोटारीतून दिसला. त्यांनी त्याला मोटारीत बसण्याचा आग्रह केला. तरुणाने नकार दिला. लष्करात भरती होण्याची त्याची इच्छा होती, सकाळी वेळ मिळत नसल्याने कामावरून सुटल्यानंतर तो सेक्टर १६ पासून बरौला येथील आपल्या खोलीपर्यंत सुमारे दहा किलोमीटर धावत जात असे. हे सारे चित्रण मोटार चालू असताना झाले. लक्षावधी लोकांनी ते पाहिले.

हे दृश्य सहज टिपलेले होते काय? कडक व्याख्येनुसार नाही. तरुणाला आपले चित्रण होत असल्याचे ठाऊक होते, तो प्रश्नांना उत्तरे देत होता. मग ते बेतलेले होते काय? तेही नाही. मोटार शेजारी आली नसती तरी तो धावतच होता. छायाचित्रकाराची उपस्थिती उघड आहे, त्याचा आवाज ऐकू येतो, आणि म्हणूनच पाहणाऱ्याची फसवणूक होत नाही. नजरेआड राहून टिपणे म्हणजेच प्रामाणिकपणा, हा रस्त्यावरील छायाचित्रणातील जुना समज येथे अपुरा ठरतो.

मराठीत छायाचित्र ‘काढतात’, ‘घेतात’ आणि ‘टिपतात’. पाखरू दाणा टिपते, टीपकागद शाई टिपतो. जे आधीच तेथे आहे ते अलगद उचलणे, असा या क्रियापदाचा भाव आहे. बेतलेल्या छायाचित्राला ‘टिपले’ म्हणता येत नाही. इंग्रजीतून आलेल्या ‘कॅन्डिड’ या शब्दाचे मात्र आपल्याकडे विलक्षण रूपांतर झाले. लग्नसराईत ‘कॅन्डिड’ छायाचित्रकार म्हणून वेगळा माणूस बोलावला जातो. नवरीला तो दोनदा, तीनदा वळून हसायला लावतो आणि त्या हसण्याचे चित्र ‘कॅन्डिड’ म्हणून संग्रहात जाते. सहजतेचीच तालीम होऊ लागली आहे. लग्नात यामुळे कोणाचे नुकसान होत नाही. घरच्यांना ती तालीम ठाऊक असते. वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर पहिल्या पावसात उलटलेल्या छत्रीचे चित्र छापले जाते, तेव्हा ती छत्री वाऱ्याने उलटली की कोणाच्या विनंतीवरून, हे वाचकाला ठाऊक नसते.

वृत्तसंस्थांच्या छायाचित्रांखालील इंग्रजी ओळी मराठीत आणणाऱ्या माणसाला या प्रश्नाची दुसरी बाजू रोज दिसते. संबंधित व्यक्ती ‘छायाचित्रासाठी उभी आहे’ असे त्या ओळीत अनेकदा स्पष्ट लिहिलेले असते. जागेच्या टंचाईत हे दोन शब्द सर्वांत आधी कापले जातात. ते गेले की उभी केलेली व्यक्ती आपोआप तेथे उभी असल्याचे भासू लागते. चित्रात काडीचाही बदल न करता चित्राचा अर्थ बदलतो. मतदानाच्या दिवशी शाई लावलेले बोट उंचावणारे मतदार प्रत्येक निवडणुकीत छापून येतात. ते चित्र शंभर टक्के जुळवलेले असते, परंतु मतदार कॅमेऱ्याकडे पाहतो आणि वाचकालाही तो कॅमेऱ्याकडे पाहताना दिसतो. कोणी काही लपवलेले नसते.

लपवण्याचा प्रयत्न उघड झाल्याचे उदाहरण दिल्लीतच आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये लोधी मार्गावरील एका स्वच्छता कार्यक्रमात मान्यवरांनी हाती झाडू घेऊन वाळलेली पाने झाडल्याची छायाचित्रे निघाली. तेथे आधीच उपस्थित असलेल्या वृत्तछायाचित्रकारांकडे मात्र आणखीही चित्रे होती. झाडण्यासाठी तो पाचोळा थोड्याच वेळापूर्वी तेथे आणून पसरण्यात आला होता, हे त्यांत दिसत होते. झाडू खरा, पाने खरी, हातही खरे. परंतु मागची दहा मिनिटे जोडल्यावर चित्राचा अर्थ उलटा झाला. एकच क्षण गोठवणे हे छायाचित्राचे सामर्थ्य मानले जाते. त्या क्षणाच्या अलीकडचे काही दिसत नाही, ही त्याची मर्यादा कॅमेऱ्यासमोर उभे राहणाऱ्यांनी केव्हाच ओळखली आहे.

म्हणून बेतलेले ते सारे खोटे, असे म्हणावे काय? महाराष्ट्राचाच इतिहास याच्या विरोधात साक्ष देतो. मुंबईचे छायाचित्रकार नारायण विनायक विरकर यांनी १९१९ च्या जालियनवाला बाग हत्याकांडानंतर अमृतसर येथे घेतलेल्या छायाचित्रांत भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा दिसतात आणि त्या खुणांजवळ माणसे उभी असलेली दिसतात. ती माणसे सहज तेथून जात नव्हती. खुणा कोठे आहेत आणि किती उंचीवर आहेत, हे कळावे म्हणून ती तेथे थांबलेली आहेत. रस्त्यावरील छायाचित्रणाच्या कडक नियमांनुसार ही चित्रे स्पर्धेतून बाद होतील. पुरावा म्हणून मात्र त्यांचे मोल शंभर वर्षांनंतरही कमी झालेले नाही, कारण त्यांतील मांडणी डोळ्यांना उघड दिसते आणि ती सत्य अधिक स्पष्ट करण्यासाठीच केलेली आहे.

त्याहीपूर्वी, १८९९ मध्ये, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये मुद्दाम जुळवून आणलेल्या कुस्तीचे चलच्चित्रण केले. दोनच वर्षांनी केंब्रिजहून परतलेले रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या मुंबईतील स्वागताचे चित्रणही त्यांनीच केले. पहिले चित्रण कॅमेऱ्यासाठी घडलेले, दुसरे कॅमेऱ्याविनाही घडलेच असते असे. आणि यंत्रामागचा माणूस एकच. भारतीय वास्तवचित्रणाच्या उगमापाशीच हे दोन्ही प्रवाह एकत्र आहेत, हे या वादात पडणाऱ्यांनी ध्यानात घेतलेले बरे.

पाश्चात्त्य जगतातील उदाहरणांपैकी दोन येथे उपयुक्त आहेत. रॉबेर द्वानो यांचे पॅरिसच्या रस्त्यावरील चुंबनाचे १९५० चे छायाचित्र अनेक दशके उत्स्फूर्त प्रेमाचे प्रतीक मानले गेले. त्यातील जोडपे नाट्यशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे होते आणि छायाचित्रकाराच्या सांगण्यावरून ते तेथे आले होते, हे १९९० च्या दशकाच्या आरंभी न्यायालयीन वादामुळे जगजाहीर झाले. याच्या नेमके उलट जो रोझेन्थाल यांच्याबाबत घडले. इवो जिमा बेटावर ध्वज उभारणाऱ्या अमेरिकी सैनिकांचे त्यांचे १९४५ चे छायाचित्र बेतलेले नव्हते. परंतु ते जुळवलेले आहे काय, असे विचारले असता आपण घेतलेल्या दुसऱ्याच एका समूहचित्राविषयी प्रश्न आहे, अशा समजुतीने त्यांनी होकार दिला. त्या एका गैरसमजाचे स्पष्टीकरण त्यांना आयुष्यभर द्यावे लागले. द्वानोंच्या चित्राची लोकप्रियता सत्य कळल्यावरही घटली नाही; रोझेन्थाल यांच्या खऱ्या चित्रावरचा डाग मात्र सहजी पुसला गेला नाही. नोएडातील होळीनंतर मेट्रो प्रशासनाने व्यक्त केलेल्या शंकेचे मूळ या दुसऱ्या कथेत आहे.

मांडणी लपवली नाही म्हणजे सारे क्षम्य होते, असाही निष्कर्ष घाईने काढू नये. इटलीचे छायाचित्रकार अलेसिओ मामो यांनी २०११ मध्ये उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातील ग्रामीण भागात एक चित्रमालिका केली. त्यांनी टेबलावर खोटे अन्नपदार्थ मांडले, त्यामागे गरीब ग्रामस्थांना उभे केले आणि आवडीच्या पदार्थांची कल्पना करीत डोळे हातांनी झाकून घेण्यास सांगितले. जुलै २०१८ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो या संस्थेच्या इन्स्टाग्राम खात्यावर ही चित्रे झळकताच जगभर संताप व्यक्त झाला आणि मामो यांना खुलासा करून माफी मागावी लागली. वास्तविक त्यांनी आपली मांडणी लपवलेली नव्हती. तरीही भुकेल्या माणसाला खोट्या अन्नापुढे उभे करण्यात कॅमेऱ्याच्या दोन बाजूंमधील अंतर इतके उघडे पडले, की प्रामाणिक ओळ त्याला झाकू शकली नाही. रस्त्यावर किंवा गावात ज्याला उभे करायचे, त्याला ‘नाही’ म्हणण्याचे बळ खरोखर आहे काय, हा प्रश्न येथे सहजतेच्या प्रश्नाहून मोठा ठरतो.

सहज टिपण्यालाही हा प्रश्न चुकत नाही. बेतलेल्या चित्रात निदान समोरच्याला विचारलेले असते. नकळत टिपलेल्या चित्रात तेही नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. सार्वजनिक रस्त्यावर छायाचित्र घेण्यास सरसकट मनाई करणारा कायदा मात्र देशात नाही. नोएडाच्या सेक्टर १८ च्या बाजारात संध्याकाळी शेकडो मोबाइल एकाच वेळी उंचावलेले दिसतात. त्यांतील प्रत्येकाच्या चौकटीत किमान चार अनोळखी चेहरे असतात. या चेहऱ्यांची संमती घेणे व्यवहारात अशक्य आहे. त्यांच्या दारिद्र्याचा, झोपेचा वा अश्रूंचा वापर कशासाठी होतो, एवढे पाहणे मात्र अशक्य नाही.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये कृत्रिमरीत्या निर्माण केलेल्या चित्रांवर आणि ध्वनिचित्रफितींवर ठळक खूण बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा त्याचे सर्वसाधारणपणे स्वागत झाले. परंतु त्याचा रोख संगणकाने घडवलेल्या दृश्यावर होता. खऱ्या रस्त्यावर, खऱ्या माणसांकडून, खऱ्या कॅमेऱ्यासमोर करवून घेतलेला खोटा प्रसंग अशा नियमांच्या जाळ्यातून सहज निसटतो. मुलाला रस्त्यावरून वाचवणारा वाटसरू, भिकाऱ्याला अन्न देणारा अनोळखी तरुण, विक्रेत्याशी उद्धट वागणारी ग्राहक अशा असंख्य चित्रफिती सीसीटीव्हीच्या चित्रणाचा आव आणून फिरत असतात. सत्यशोधन करणाऱ्या वृत्तकक्षांना त्या ‘पटकथेनुसार चित्रित’ असल्याचे वारंवार सांगावे लागते. काहींच्या शेवटी हे दृश्य जनजागृतीसाठी तयार केल्याची बारीक अक्षरांतील सूचना असते आणि पुढे पाठवणारा बहुधा नेमका तेवढा भाग कापून टाकतो. आधी उल्लेखिलेल्या ओळीतील दोन शब्दांचेही हेच होते.

छायाचित्र स्पर्धांनी यावर काही उपाय योजले आहेत. २०१५ मध्ये बेल्जियममधील एका चित्रमालिकेतील छायाचित्राच्या स्थळाची माहिती चुकीची आढळल्याने वर्ल्ड प्रेस फोटोने दिलेला पुरस्कार मागे घेतला. त्यानंतर स्पर्धकांसाठी आचारसंहिता आली. अंतिम फेरीतील छायाचित्रांच्या मूळ फायलीही तेथे मागवून तपासल्या जातात. नोएडाच्या सेक्टर १६-ए मधील फिल्म सिटीत अनेक वृत्तवाहिन्यांची कार्यालये आहेत. प्रेक्षकांनी पाठवलेली दृश्ये तपासण्याची पद्धत वृत्तकक्षांतही साधारण हीच : मूळ फाईल मागवायची, तारीख व वेळ पाहायची, दुकानांच्या पाट्या आणि सावल्यांवरून ठिकाण जुळवायचे. फाईल ठिकाण सांगते, वेळ सांगते, कोणत्या यंत्रावर चित्रण झाले तेही सांगते. चौकटीतल्या माणसाला कोणी पुन्हा एकदा तसेच चालत यायला सांगितले होते काय, याची नोंद तिच्यात नसते. त्यासाठी चित्रण करणाऱ्याला दूरध्वनी करून विचारावे लागते, आणि बातमी पडद्यावर जाण्यापूर्वी तेवढा वेळ वृत्तकक्षात क्वचितच कोणापाशी असतो.