शरदांतील पंगत

दसरा उलटला, कोजागिरीस दोन दिवस उरले. दिवसभर ओसरीवर आम्हीं पोथ्यांना ऊन दाखविलें. दुसरें कांहीं केलें नाहीं. चरकानें या ऋतूंतील जळास हंसोदक म्हटलें आहे: दिवसा सूर्यानें तापलेलें, रात्रीं चंद्रानें निवविलेलें, अगस्त्योदयानें निर्विष झालेलें. मात्र पित्त याच दिवसांत खवळतें. म्हणून दहीं त्यानें वर्ज्य सांगितलें. रात्रीं जेवणास आलेल्या एका स्नेह्यांनीं दहींभात मागितलाच! सत्तरीनंतर आचार्यांचें ऐकतो कोण?

सूनबाईंनीं सवयीनें स्नेह्यांसाठीं चार पाट मांडले होते. आले तिघे; चौथे श्रावणांत निवर्तले. तो पाट आम्हीं उचलूं दिला नाहीं. पुढें पान वाढलें नव्हतें, पण बोलतांना सर्वांची दृष्टि तिकडेच वळत होती.