आठ गठ्ठे, एक काडी कमी

गेल्या पावसाळ्यात एका पालकाच्या दाखल्याच्या कामासाठी खानापूर तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत आम्हाला अर्धा दिवस थांबावे लागले. मुख्याध्यापक बैठकीसाठी तालुक्याच्या गावी गेले होते. ते परत येईपर्यंत, पहिली ते तिसरीची मुले ज्या खोलीत एकत्र बसतात, तेथे मागे भिंतीला टेकून आम्ही बसून राहिलो. वाट पाहणे हा वकिलीचा निम्मा व्यवसाय आहे; परंतु ते दोन तास आम्ही आजही विसरू शकत नाही.

दुसरीच्या मुलांपुढे खराट्याच्या काड्यांचा ढीग होता. दहा-दहा काड्यांना रबर लावून गठ्ठे केलेले, बाकीच्या सुट्ट्या. बाई म्हणाल्या, "एकोणऐंशी मांडा." एका मुलाने सात गठ्ठे आणि नऊ सुट्ट्या काड्या चटकन मांडल्या. त्याच्या शेजारच्या मुलीने मात्र आठ गठ्ठे ओळीने ठेवले, थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिले, शेवटच्या गठ्ठ्याचे रबर सोडले आणि त्यातली एक काडी उचलून फ्रॉकच्या खिशात घातली. बाईंनी विचारले, "काडी कुठे गेली गं?" ती म्हणाली, "एक काढलो की, बाई. एकोण हाय न्हवं?"

मुलीने 'काढलो' म्हणावे हे पुण्यातील कानांना खटकेल. आमच्याकडच्या मुली असेच बोलतात आणि त्यात बिघडलेले काही नाही. बाईंनीही तिचे व्याकरण सुधारण्याच्या भानगडीत न पडता त्या मुलाला आणि तिला एकमेकांच्या काड्या मोजायला लावल्या. दोघांच्याही सात गठ्ठे आणि नऊ सुट्ट्या निघाल्या तेव्हा मुलगा अगदी चक्रावून गेला. एकाच संख्येकडे जाणाऱ्या दोन वाटा त्याला त्या दिवशी दिसल्या आणि त्यांतली एक वाट त्याच्या स्वतःच्या भाषेतील शब्दातच दडलेली होती.

'एकोणऐंशी' हा शब्द आपण इतक्या वेळा उच्चारतो की त्याची फोड करण्याचे आपल्याला सुचत नाही. एकाने उणे असे ऐंशी, हा त्याचा अर्थ. म्हणजे हा शब्द हाताला एक विशिष्ट कृती सांगतो : आठ गठ्ठे घे, एक सोड, एक काडी काढ. कन्नडमध्ये हीच संख्या 'एप्पत्तोंबत्तु', म्हणजे सत्तर आणि नऊ. ती हाताला वेगळी कृती सांगते : सात गठ्ठे, नऊ सुट्ट्या. 'त्रेचाळीस' घ्या. मराठी मूल आधी तीन ऐकते, मग चाळीस. लिहिताना मात्र आधी चार, मग तीन. म्हणून त्रेचाळीसच्या जागी चौतीस लिहिलेले प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले असते. कन्नडमधील 'नलवत्तमूरु' चाळीस आधी आणि तीन नंतर सांगते, जसे लिहायचे तसेच. येथे कन्नड शब्दरचना मुलाला अधिक सोयीची आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशा प्रकारचे वाचन आले तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! चेष्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी हातात काड्यांचे गठ्ठे घेऊन दुसरीच्या मुलासमोर बसून पाहिले होते, कोण जाणे. सीमाभागातील मुलाच्या कानावर दोन्ही भाषा पडतात. जाणत्या शिक्षकाच्या हाती ही अडचण राहत नाही, तिचे साधन होते. मात्र त्यासाठी शिक्षकाला त्या मुलाची भाषा आली पाहिजे.

हाताने करून शिकणे हे भाषेवाचून होते, असा एक गोड गैरसमज अलीकडे पसरला आहे आणि आमचा वाद त्याच्याशी आहे. काड्या, मणी, पाण्याची बादली, मातीचे गोळे यांना कुठली आली भाषा, असे अधिकारी आम्हाला ऐकवतात. आमचे काही कार्यकर्तेही तसेच मानतात. मराठी शाळेत मराठी न येणारा शिक्षक पाठविला तरी खालच्या वर्गांत तसे बिघडत नाही, कारण तेथे सारे खेळातूनच शिकवायचे असते, असा हा युक्तिवाद. आमच्या मते वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. दहावीचा विद्यार्थी परक्या भाषेतले पुस्तक कोशाच्या आधाराने एक वेळ वाचू शकेल. सहा वर्षांच्या मुलाकडे कोश नसतो. त्याच्याजवळ त्याचा हात असतो, आणि हाताने काय केले ते सांगायला घरून आणलेले चार शब्द.

हे आम्हाला त्याच शाळेने शिकविले. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा तेथे गेलो तेव्हा त्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि त्यांच्या जागी एक तरुण अतिथी शिक्षिका आल्या होत्या. घरची भाषा कन्नड, मराठी जेमतेम कानावरून गेलेली. उत्साहात मात्र त्या कुठेही कमी नव्हत्या. त्यांनी बादलीत पाणी भरून तरंगणे-बुडणे हा उपक्रम मांडला होता. खडा, चिंचोका, खिळा, वाळके पान, बाटलीचे बूच, स्टीलची वाटी. मुले एकेक वस्तू पाण्यात सोडत होती, टाळ्या पिटत होती, फळ्यावर दोन रकान्यांत खुणा होत होत्या. तपासणीला कोणी आले असते तर त्यांनी या वर्गाला उत्तम शेरा दिला असता.

वाटी तरंगली तेव्हा तिसरीतला एक मुलगा खिळ्याकडे आणि वाटीकडे आळीपाळीने पाहू लागला. मग शेजाऱ्याला म्हणाला, "वाटीच्या पोटात वारं हाय, म्हणून बुडत न्हाई." शिक्षिकेला ते कळले नाही. त्या हसल्या, 'गुड' म्हणाल्या आणि पुढच्या मुलाच्या हाती बूच दिले.

वाचकहो, लोखंडाचा खिळा बुडतो आणि तशाच धातूची वाटी तरंगते याचे कारण आठ वर्षांचे एक मूल स्वतःहून शोधत होते. त्या सकाळच्या साऱ्या खटाटोपाचे फळ ते एक वाक्य होते आणि ते वाऱ्यावर गेले. आम्हाला राहवले नाही. आमची निम्मी वकिली कन्नडमध्ये चालते. आम्ही मागूनच शिक्षिकेला सांगितले, "होट्टेयल्ली गाळी इदे अंताने." त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगावे! त्यांनी लगेच त्या मुलाला जवळ बोलावले, शाळेच्या मागून तळाला भोक पडलेला एक पत्र्याचा डबा आणविला आणि तो पाण्यावर ठेवायला सांगितला. डबा आधी तरंगला, भोकातून पाणी आत चढू लागले आणि हळूहळू तो खाली गेला. मुलगा ओरडला, "वारं गेलं भाईर!"

त्या शिक्षिका उत्तम होत्या, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. उणीव त्यांच्यात नव्हती, नेमणुकीत होती. आणि प्रत्येक वर्गात मागे दुभाषी वकील बसवता येत नाही.

आता कायद्याकडे वळू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २९ मध्ये अभ्यासक्रम ठरविताना शैक्षणिक प्राधिकरणाने कोणत्या गोष्टी विचारात घ्याव्यात याची यादी आहे. तिच्यातील पाचवा खंड सांगतो : कृती, शोध आणि अन्वेषण यांच्याद्वारे बालस्नेही व बालकेंद्री रीतीने शिकणे. सहावा : शिक्षणाचे माध्यम, व्यवहार्य असेल तेथवर, बालकाची मातृभाषा. सातवा : बालक भयमुक्त होणे आणि त्याला आपले मत मोकळेपणे मांडता येणे. हे तीन खंड लागोपाठ आले आहेत. कायदा लिहिणाऱ्यांनी ते हेतुपूर्वक शेजारी ठेवले की नाही हा प्रश्न वेगळा. पण त्या बादलीशेजारी बसून वाचले तर तिन्ही मिळून एकच वाक्य होते. सहावा खंड काढून घेतला की पाचव्याच्या नुसत्या टाळ्या उरतात आणि सातव्यात तर काहीच उरत नाही.

'व्यवहार्य असेल तेथवर' या शब्दांमागे किती फायली झोपतात, हे आम्हा वकिलांना ठाऊक आहे. म्हणूनच या खंडाला राज्यघटनेचा टेकू द्यावा लागतो. अनुच्छेद ३५०-अ प्रमाणे भाषिक अल्पसंख्य समूहातील मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने करावयाचा आहे. हा अनुच्छेद सातव्या घटनादुरुस्तीने आला आणि ती अंमलात आली १ नोव्हेंबर १९५६ रोजी. त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. जखम आणि मलम एकाच तारखेची आहेत. जखमेचा दिवस आम्ही दरवर्षी काळ्या फिती लावून पाळतो, मलमाची डबी मात्र उघडायची राहून जाते.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी कर्नाटकाच्याच प्रकरणात निकाल दिला की मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील आणि राज्याला प्राथमिक शिक्षणाचे माध्यम लादता येणार नाही. आमच्यापैकी पुष्कळांनी त्या निकालाचे स्वागत केले. पण निवड पालकांची असेल, तर जबाबदारीचा काही भागही आपल्याच ओटीत पडतो. आमचा मुलगा इंग्रजी माध्यमात शिकला. मराठी शाळांसाठी मोर्चे काढणाऱ्या आमच्या पिढीतील किती घरांत याहून वेगळे घडले? मराठी शाळेत 'काही नवे होत नाही' असे आम्हीच म्हणत होतो. शाळा किती उरल्या याचा हिशेब आम्ही दर बैठकीत मांडला. त्या शाळांतील पहिलीच्या वर्गात सकाळी दहा वाजता काय चालते, हे पाहायला मात्र गेलो नाही. खानापूरच्या त्या शाळेतही आम्ही दाखल्यासाठीच गेलो होतो.

आणि नवे काही नाही म्हणावे तर ते आपल्याच परंपरेला विसरणे आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करून आलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांना सोबत घेऊन, माँटेसोरीची महागडी साधने बाजूला ठेवली आणि बिया, शिंपले, पाने, खडे यांवर बालशिक्षण उभे केले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. कर्नाटकातही १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यातून 'नली-कली' सुरू झाले. ऋषी व्हॅलीतील प्रयोग पाहून आलेल्या शिक्षकांनी कार्डे आणि गट करून शिकण्याची ही रीत घडविली. नावाचा अर्थ, आनंदाने शीक. ते कन्नड आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. रीत चांगली आहे. ती आमच्या मुलांपर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचावी, एवढाच आमचा आग्रह. कर्नाटकाचे पाठ्यपुस्तक मंडळ मराठीतही पुस्तके छापते, हेही नमूद केले पाहिजे. परंतु मुलाचे म्हणणे पुस्तकाला ऐकू येत नाही.

कन्नड शिकण्याला आमचा विरोध नाही. २०१५ च्या कायद्याने ती भाषा सर्व शाळांत शिकवायची आहेच आणि या राज्यात जगणाऱ्याला ती यावी हे शहाणपणाचेच आहे. एकोणऐंशी आणि एप्पत्तोंबत्तु या दोन्हींच्या काड्या मांडता येणारे मूल भाग्यवानच म्हणायचे. तक्रार आहे ती पहिल्या शब्दाचा आधार काढून घेऊन दुसरा हाती देण्याची.

सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा अद्याप प्रलंबित आहे. तो जेव्हा निकाली निघायचा तेव्हा निघेल. दुसरीतली मुलगी पुढच्या जूनमध्ये तिसरीत जाते. म्हणून आमची सूचना लहान आहे. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, आपल्याकडे तिला एसडीएमसी म्हणतात. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे समितीचे काम आहे. त्या आराखड्यात पहिली ते तिसरीसाठी मराठी जाणणारा शिक्षक, रजेच्या काळातील बदलीसह, अशी मागणी नेमक्या शब्दांत लिहावी आणि आधार म्हणून कलम २९ चे पाचवा, सहावा व सातवा हे तिन्ही खंड नोंदवावेत. अस्मितेच्या भाषेतील निवेदनावर 'पाहून कळवू' असा शेरा मिळतो. कृतियुक्त शिक्षण होऊ शकत नाही, अशी लेखी तक्रार कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे गेली तर तीन महिन्यांत तिचा निर्णय द्यावा लागतो आणि तो न पटल्यास राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येते.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील वाचकांपुढे प्रश्न वेगळा आहे. अनेकांच्या घराजवळ मराठी शाळाच नाही. त्यांनी खराट्याच्या काड्या घरात तरी काढाव्यात. गोव्यातील मित्रांनी तेथील सरकारी मराठी शाळांतील अनुभव आम्हाला अवश्य लिहून पाठवावा.

ठरावाचा आणि तक्रारीचा नमुना आम्ही मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत तयार केला आहे. ज्या शाळेच्या पालकांना हवा असेल त्यांनी कळवावे. शुल्क नाही. मात्र अर्ज करण्यापूर्वी एक दिवस वर्गात मागे बसून यावे आणि मुले काय बोलतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणावे. तक्रारीला जोडायला त्याहून चांगला पुरावा आम्हाला अजून सापडलेला नाही.