जिवंत असल्याचा पुरावा

गेल्या नोव्हेंबरात पिथौरागढजवळच्या माजी सैनिक मेळाव्यात एका निवृत्त हवालदार साहेबांचा अंगठा यंत्राने पाच वेळा नाकारला. सहाव्या वेळी त्यांनी तो पॅंटला घासला, त्यावर फुंकर मारली, पुन्हा ठेवला. नाही. ७१ ची लढाई लढलेला माणूस, निवृत्तीनंतर चाळीस वर्षं डोंगरातली शेती केलेला. अशा बोटांवर रेषा कुठून उरणार? यंत्रामागचा मुलगा सभ्य होता. "बाबाजी, मशीन नहीं ले रहा," एवढंच म्हणाला.

मी डिजिटल कारभाराच्या विरोधात नाही. बँकेच्या ओट्यावर हयातीच्या दाखल्यासाठी बसलेले म्हातारे मी लहानपणी पाहिलेत. २०१४ साली 'जीवन प्रमाण' आलं, तेव्हा ती रांग खरोखर कमी झाली. २०२१ पासून चेहरा दाखवूनही काम होतं. ज्याच्याकडे बरा फोन, नेटवर्क आणि हाताशी नातू आहे, त्याचं दोन मिनिटांत उरकतं. माझा आक्षेप यंत्रावर नाही, यंत्र 'नाही' म्हणाल्यावर पुढे जे होतं त्यावर आहे.

पुढे पेन्शन थांबते. कोणी विचारत नाही, कोणी सही करत नाही. दाखला आला नाही, म्हणून रक्कम गेली नाही, एवढंच.

आता आपला आर्मी ॲक्ट बघा. जवान विनापरवाना गैरहजर राहिला, तर ३० दिवसांनी कलम १०६ खाली कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. अधिकारी बसतात, साक्षी होतात, त्याच्याकडचं कुठलं सरकारी सामान कमी आहे ते लिहिलं जातं, आणि मगच तो गैरहजर ठरतो. म्हणजे पळून गेलेल्याची चौकशी होते, आणि इमानाने नोकरी करून घरी गेलेल्याची होत नाही. ही गोष्ट मला पचत नाही. (मी अजून वर्दीत आहे, त्यामुळे शब्द जपून वापरतोय. मेसमध्ये जरा वेगळे वापरतो.)

हा सगळा काल्पनिक बाऊ नाही. एप्रिल २०२२ ची पेन्शन ५८ हजारांहून अधिक माजी सैनिकांच्या खात्यात वेळेवर पोचली नाही. कारण हेच, वार्षिक ओळख पटलेली नव्हती. गदारोळ झाला, संरक्षण मंत्रालयाने एकवेळची खास सूट दिली आणि मेच्या पहिल्या आठवड्यात पैसे जमा झाले. म्हणजे मनात आणलं तर आधी पैसे आणि मग कागद, हे जमतं. पण त्यासाठी ५८ हजार जण लागले. एकट्या हवालदारासाठी कोण गदारोळ करणार?

सरकारची बाजू मला माहीत आहे. माणूस गेल्यावरही पेन्शन चालू राहते, घरचे कळवत नाहीत, मग वसुलीची कटकट. खरं आहे. पण मृत्यूची नोंद ठेवणं हे कुणाचं काम? जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला आणि त्यात मृत्यूंच्या नोंदींचा राष्ट्रीय साठा करायची तरतूद आहे. तो साठा पेन्शनच्या यादीला जोडा. गेलेले कोण ते सरकारने शोधावं. दरवर्षी लाखो जिवंतांना उभं करून 'हजर साहेब' म्हणायला लावणं हा उलटा हिशोब आहे.

आणि तोवर निदान एवढं करा: दाखला आला नाही तर पेन्शन थांबवण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून एक फोन, फोन लागला नाही तर घरी एक माणूस. त्यानंतरही थांबवायची असेल, तर आदेशावर कुणाचं तरी नाव आणि हुद्दा असू दे. सॉफ्टवेअरपुढे अपील करता येत नाही.

हवालदार साहेबांचं काम शेवटी माझ्या सहायकाच्या फोनवर झालं. उन्हात खुर्ची ओढली, टोपी काढायला लावली, डोळे मिचकवायला सांगितले. तिसऱ्या खेपेला चेहरा पटला. त्यांनी टोपी पुन्हा नीट घातली आणि विचारलं, "साहब, ये अगले नवंबर तक चलेगा ना?"