जरा खाली बघा

आमच्या आत्याला ७ वर्षांपासून काचबिंदू आहे. रात्री साडेनऊला दोन्ही डोळ्यांत लॅटॅनोप्रोस्टचा एकेक थेंब, त्यात खंड नाही. परवा सहज बोलून गेली, "थेंब बंद केलेत रे मी. पापण्या नुसत्या खाजतात." माझ्या पोटात गोळा आला. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. थेंब उरलेली राखतात, एवढंच.

खाज थेंबांचीच, हा तिचा तर्क निम्मा बरोबर. या गटातल्या औषधांनी पापण्यांचे केस लांब, दाट, काळे होतात. (२००८ साली अमेरिकेत यातलंच बिमॅटोप्रोस्ट पापण्यांचे केस वाढवण्यासाठी मंजूर झालं. आत्याला भिशीतल्या बायका विचारायच्या, काय लावतेस गं?) शिवाय औषध टिकावं म्हणून घातलेलं बेंझाल्कोनियम क्लोराइड रोज थोडं थोडं अश्रूंचा थर बिघडवतं.

पण केसांच्या मुळाशी आणखी एक बिऱ्हाड असतं. डेमोडेक्स: मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा, आठ पायांचा, कोळ्याच्या कुळातला जीव. दिवसा मुळात तोंड खुपसून बसतो, रात्री बाहेर पडतो. वयाबरोबर तो सगळ्यांकडेच वाढतो, त्यामुळे सारं खापर थेंबांवर फोडता येत नाही. तरी हे थेंब वर्षानुवर्षं घालणाऱ्यांमध्ये तो जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. त्यात आत्यासारखी माणसं डोळा दुखावेल म्हणून पापण्या धुतच नाहीत.

मला राग येतो तो तपासणीचा. दाब मोजतात, नस बघतात, फील्ड टेस्ट होते; पापणीकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही. हनुवटी स्लिट लॅम्पवर टेकलेलीच असते. "समोर बघा"च्या जोडीला "जरा खाली बघा" म्हटलं, तर वरच्या पापणीच्या केसांना बुडाशी वेढून बसलेली कोंड्याची नळी दिसते. ती दिसली की डेमोडेक्सचा वेगळा पुरावा लागत नाही. आत्याची दुसऱ्या डॉक्टरांना पहिल्या मिनिटात दिसली.

तिला पापण्या पुसायचे औषधी वाइप्स मिळाले आणि परिरक्षक नसलेले थेंब. (नुसतं टी ट्री तेल डोळ्याजवळ नेऊ नका, जळजळ होते.) अमेरिकेत २०२३मध्ये खास या किड्यांसाठी लोटिलानरचे थेंबही मंजूर झालेत.

साडेनऊचा थेंब पुन्हा सुरू आहे. आत्याची अट एकच: "किडे होते हे माझ्या जावेला कळता कामा नये."