भैरवीनंतरचे गाणे

1977 साली अंतराळात सोडलेल्या दोन्ही ‘व्हॉयेजर’ यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे आणि तीत केरीच्या सुरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ही गोष्ट गोमंतकीयांना आता पाठ झाली आहे. ‘व्हॉयेजर-1’ उडाले 5 सप्टेंबरला आणि 16 सप्टेंबरला केसरबाईंनी देह ठेवला, हा योगायोगही आपण हळहळून सांगतो. मात्र त्या तबकडीवर भैरवी संपल्यावर लगेच काय वाजते, हे विचारणारा विरळा. तेथे ब्लाइंड विली जॉन्सन या टेक्सासमधील अंध निग्रो गायकाने 1927 साली गायिलेले गीत आहे. गीत म्हणायचे एवढेच. त्यात शब्द नाहीत. गिटारच्या तारेवरून सरकणारा एक आर्त स्वर आणि त्याच्या मागोमाग हुंकार. मींड ज्याला कळते, त्याला त्या हुंकाराचे भाषांतर करून द्यावे लागत नाही.

कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांच्या वंशजांनी निर्माण केलेल्या या संगीतप्रकाराला ‘ब्लूज’ म्हणतात. बारा मात्रागटांचे आवर्तन, पहिली ओळ पुन्हा म्हणून तिसरीने तिला उत्तर द्यायचे, आणि पियानोच्या पट्ट्यांमध्ये न सापडणारा, किंचित उतरलेला गंधार. ते रागसंगीत नव्हे, आणि तसे म्हणण्याचा आग्रह धरणे हा दोघांवरही अन्याय होईल. परंतु ठराविक चौकटीत आयत्या वेळी सुचलेले गाणे श्रोत्याच्या साक्षीने फुलते, हे दोन्हीकडे खरे आहे. जॅझचा वृक्षही याच मुळावर वाढला.

तो वृक्ष हिंदुस्थानात रुजवण्यात गोमंतकीयांचा वाटा मोठा. चर्चच्या संगीतशाळांतून स्वरलिपी शिकलेली आमची मुले पोटासाठी मुंबईस गेली आणि तेथील हॉटेलांचे वाद्यवृंद त्यांनी उभे केले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवीत. सी. रामचंद्रांनी, म्हणजे आपल्या चितळकरांनी, 1951 च्या ‘अलबेला’त जो झगमगाट केला, त्यात त्यांचा हात होता. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्वीस यांनी 1958 साली मुंबईत भारतीय रागांवरील स्वतःच्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. बहुतेकांना त्यांचे नाव ठाऊक आहे ते एका चित्रपटगीतामुळे! नेवऱ्याच्या ब्राझ गोन्साल्वीस यांनी सॅक्सोफोनवर राग आळवून पाहिले. ही परंपरा संपलेली नाही. पणजी-मडगावात आजही गिटार आणि सॅक्सोफोन घेऊन जीव तोडून वाजवणारे तरुण आहेत.

समोर बसतो कोण? प्रश्न येथेच आहे. वास्कोच्या दामोदर सप्ताहात एका पारावरून दुसऱ्या पारावर जाऊन रात्र जागवणारा, एखादी हरकत चुकली तर भुवई उंचावणारा आमचा हिंदू श्रोता हा या भूमीचा ठेवा आहे. तोच श्रोता चार घरांपलीकडे चाललेल्या वादनाकडे ‘ते त्यांचे’ म्हणून पाठ फिरवतो. (पलीकडचा शेजारीही केसरबाईंच्या समारोहास गर्दी करतो, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.) परिणामी या वादकांचा आश्रयदाता उरतो तो पर्यटक. त्याला जेवताना कानावर काहीतरी पडले म्हणजे पुरे. त्याने मागितलेली तीच चार जुनी गाणी रोज वाजवायची आणि टाळीऐवजी काटे-चमच्यांचा आवाज ऐकायचा. अशाने हात चालत राहतो, पण वादक विझतो. त्यातून हॉटेलवाल्याला चार वादकांपेक्षा एक डीजे स्वस्त पडतो, हा हिशेब वेगळाच.

रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक नको, हा नियम वादकांच्या मुळावर आला, अशी तक्रार ऐकू येते. ती आम्हांस पटत नाही. किनाऱ्यावरील गावांची झोप उडवली ती या वादकांनी नव्हे, भिंती हादरवणाऱ्या कर्ण्यांनी. आणि नियम हवाच. ब्लूजला एक गिटार, एक गळा आणि पन्नास माणसांची खोली पुरते. सायंकाळी सातला आरंभ करून साडेनवाला उठता येते. नाटकाची तिसरी घंटा चुकवायची नाही अशी सवय असलेल्या आमच्या रसिकाला हे अवघड नाही.

जुन्या गोव्यातील डोंगरमाथ्यावरच्या कपेलात होणाऱ्या मोंती महोत्सवात भारतीय आणि पाश्चात्त्य संगीत एकाच मांडवाखाली ऐकायला मिळते. कला अकादमीतही दोन्ही संगीतांचे विभाग एकाच छपराखाली आहेत. उंबरठा ओलांडण्याची सोय तिने महिन्यातून एका संध्याकाळी तरी करावी. त्या संध्याकाळी माफक का होईना, तिकीट असावे आणि वादकाचे मानधन त्याच रात्री त्याच्या हाती पडावे. फुकट पास मागण्याची आपली जुनी खोड तेवढी दाराबाहेर ठेवावी लागेल. वृत्तपत्रांनीही अशा मैफलींची दखल करमणुकीच्या पानावरील छायाचित्रापुरती न घेता, गवयाच्या बैठकीवर लिहितो तसे, गुणदोषांसह दोन रकाने लिहावे. हे शेवटचे आम्हांलाही लागू आहे, आणि त्यासाठी कान तयार असलेल्या लेखकांच्या आम्ही शोधात आहोत.