तुकडा द्यावा, पण विचारूनच

गालातली जखम तीन आठवडे भरत नसेल तर तुकडा काढून तपासावा लागतो, असे म्हटले की रुग्णाआधी नातेवाईक घाबरतात. ‘डॉक्टरसाहेब, चाकू लागला की कॅन्सर पसरतो म्हणतात!’ हे सोनपेठला किती वेळा ऐकले, मोजदाद नाही. या भीतीला आधार नाही. कॅन्सर वाढतो तो तपासणी टाळण्यात गेलेल्या महिन्यांत.

या तुकड्यातून संशोधक काय करतात, तेही वाचकांना ठाऊक असावे. गाठीतल्या सगळ्याच पेशी कॅन्सरच्या नसतात; रक्तवाहिन्या, स्नायू, सुजेच्या पेशी यांचीही तिथे गर्दी असते. सगळे एकत्र वाटून तपासणे म्हणजे ज्वारी, करडई, खडे एकत्र दळून पिठाची चव सांगणे. १९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील शास्त्रज्ञांनी यावर उपाय मांडला. तुकड्याचा केसाहून पातळ काप काचेवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकातून हव्या त्या पेशी हेरायच्या आणि वर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा ठेवायचा. लेसरचा किरण पडेल तेवढाच पापुद्रा वितळून खालच्या पेशींना चिकटतो. तो उचलला की त्या पेशीही वर येतात. मग त्यांतील जनुके, प्रथिने वेगळी तपासता येतात.

गाल-हिरडीचा कॅन्सर हे तंबाखू-सुपारी खाणाऱ्या आपल्या मुलखाचे दुखणे. त्याचे उत्तर परदेशातून आयते येणार नाही. (गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पुडी कुठे मिळते ते शाळकरी पोरही सांगेल.) या कॅन्सरमधील जनुकांचे बदल भारतीय शास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केले, त्यात टाटा मेमोरियलचेही होते. ते काम आपल्याच रुग्णांनी दिलेल्या तुकड्यांवर झाले.

म्हणूनच उरलेला तुकडा संशोधनाला जरूर द्यावा, असे माझे मत आहे. मात्र रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगूनच संमती घ्यावी, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. इंग्रजी कागद पुढे करून ‘इथे अंगठा लावा’ म्हणणे ही संमती नव्हे. फायदा झालाच तर पुढच्या रुग्णाला होईल आणि नकार दिला तरी उपचारात फरक पडणार नाही, हे दोन्ही स्पष्ट सांगावे. सांगितले नाही तर वाचकांनी बेलाशक विचारावे.

आणखी एक. तुकड्याची बाटली बसने परभणीला नेताना फॉर्मलिन सांडले, तर वाटेत पाणी भरू नका. पाण्यात तुकडा कुजतो, मग लेसरलाही वेचायला काही उरत नाही.