समुद्राची भिंत

परवा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये सेझानच्या एका चित्रापुढे आमच्या दादाने निकाल दिला. "रंग छान आहेत रे, पण समुद्र जमला नाहीये. निळी भिंत वाटते." आणि गेला पुढच्या दालनात. मी मान डोलावली! तेच तेव्हापासून खुपतंय, म्हणून हे भांडण इथे. दादा ब्लॉग वाचतो, तेव्हा बरंच आहे.

चित्र आहे १८८५च्या सुमाराचं, लेस्ताक गावावरून दिसणारं मार्सेयचं आखात. खाली उन्हात भाजणारी घरं, एक धुराडं, मधे निळाशार पट्टा, पलीकडे डोंगर. लाटा नाहीत.

आता भिंतीबद्दल. जुलै १८७६मध्ये सेझानने लेस्ताकहून पिसारोला पत्र लिहिलं होतं. इथलं दृश्य पत्त्यातल्या पानासारखं आहे, निळ्या समुद्रावर लाल छपरं, असं त्यात आहे. ऊन इतकं भयंकर की वस्तूंच्या नुसत्या आकृत्या उरतात, आणि त्याही केवळ काळ्या-पांढऱ्या नव्हे, तर निळ्या, लाल, तपकिरी, जांभळ्याही. म्हणजे सपाटपणा हा हात चुकल्याचा परिणाम नाही, दादा. चित्राच्या नऊएक वर्षं आधी माणूस सांगून बसला होता की मला असंच दिसतंय.

आपल्याला तसं दिसत नाही, कारण आपण दोघेही एलिमेंटरी-इंटरमिजिएटवाले. जवळचं गडद, लांबचं फिकट, हे इतकं घोटून घेतलंय की लांबचा समुद्र गडद दिसला की आपण थेट मार्क कापायला बसतो. सेझानने दूरच्या पाण्याला फिकट केलं नाही, म्हणून तर ते ऊन अंगावर येतं. पाणी धुरकट करून बघ मनातल्या मनात. उरेल ते कॅलेंडर.

आणि "इम्प्रेशनिस्टांचंच की सगळं" हेही तू म्हणालास. नाही रे बाबा. मोने बदलणारा प्रकाश पकडायला धावतो. सेझानने त्याच पत्रात लिहिलंय की इथे तीन-चार महिने लागतील असे विषय आहेत, ऑलिव्ह आणि पाइनची पानं गळत नाहीत म्हणून जमेल. तीन-चार महिने! हे एका दुपारचं ऊन नाहीच.

तू तिथे अर्धा मिनिट होतास, त्यातही फोटो काढण्यात गेला निम्मा वेळ. पुढच्या खेपेला वीस मिनिटं उभा राहा. कॉफी माझ्याकडून.